दुसरी फुंक

बंदुकीच्या मोकळ्या नळीत फुंकर घातली की एक आवाज निघतो. रिकाम्या घागरीच्या तोंडाशी ओठ नेऊन फुंकलं तर जसा घुमतो तसा, पण त्याहून खोल. धानाच्या बांध्यांवरून, म्हणजे खाचरांवरून, तो फार लांब जातो. मी तो एका रात्री ऐकला होता, त्याला आता पंधराएक वर्षं होतील. परवा आमच्या नागपूरच्या घरी, ओसरीवर, तोच आवाज पुन्हा आला आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

वीज गेली होती. माझ्या पुतण्याचा मुलगा भैयाजी आणि त्याचे दोन दोस्त कंदिलाच्या उजेडात एक दुनळी बंदूक पुसत बसले होते. कामठीच्या कुणा सुभेदाराची ती बंदूक. येत्या रविवारी हे सगळे त्याच्यासोबत आमच्या गावाकडे, कुहीच्या पलीकडे, रानडुकरांच्या मागे जाणार होते. कुत्रेसुद्धा ठरले होते. भैयाजीनं गंमत म्हणून नळीत फुंकलं.

“ठेव थे खाली,” मी म्हणालो.

“काहून जी आबाजी? मोकळी हाय ना.”

“एक नळी पायली का दोनी?”

बंदूक कंदिलाकडे वळवून त्यानं दोन्ही नळ्यांतून आरपार पाहिलं. दोन्ही मोकळ्या होत्या.

“आता तोंड भिंतीकडे करून ठेव अन् बस. एक गोष्ट सांगतो. मंग रविवारी जायाचं का नाई, थे तुमी ठरवा.”

“भुताची हाय का जी?” त्याचा एक दोस्त हसत म्हणाला.

“कायची हाय थे मले आजवर समजलं नाई, बापू. माह्या ओळखीच्या मानसाची हाय.”

मी तेव्हा चंपतराव पाटलांकडे सालदार होतो. गावात बंदूक एकच, ती त्यांची. धान पिकायला लागलं की डुकरांचे कळप रात्रीतून बांधीच्या बांधी लोळवून जायचे, म्हणून सरकारनं त्यांना परवाना दिला होता. पण नुसत्या बंदुकीनं डुक्कर हाती लागत नाही. त्याला कुत्रे लागतात, आणि कुत्रे होते नत्थूकडे.

भुऱ्या, चांदी आणि वाघी नावाची एक म्हातारी कुत्री. दिसायला हडकुळे, गावठी. पण डुक्कर दिसलं की एक कान धरायचा, दुसरा मागची तंगडी, आणि वाघी समोर उभी राहून भुंकत त्याला गुंतवून ठेवायची. नत्थूनं मारून कधी शिकवलं नाही त्यांना. आपल्या ताटातला पहिला घास काढून तो त्यांच्यापुढे ठेवायचा, आणि मग स्वतः जेवायचा. त्याची बायको मनकर्णा चिडायची. “कुत्रीसंगच लगन लावाव लागत होतं तुमी,” असं ती चारचौघांत म्हणायची. नत्थू म्हणायचा, “लावलं असतं वं, पन वाघीच्या बापानं नाई म्हनलं.” मग तीसुद्धा पदर तोंडाला लावून हसायची.

शिकारीला आमच्या गावचा एक नेम होता. बार उडाला की कुणी जागचं हलायचं नाही. झाडावर असेल तो झाडावर, बांधाआड असेल तो बांधाआड. बंदूकवाल्यानं आधी बंदूक मोडायची, म्हणजे मधून उघडायची, दोन्ही काडतुसं काढायची, आणि मग एकेका नळीत फुंक मारायची. दोन नळ्या, दोन फुंका. नळीत काडतूस असलं तर फुंक निघत नाही. म्हणून ही खूण खोटी होऊच शकत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. दुसरी फुंक ऐकली की माणसं उठायची. कुत्र्यांनाही नत्थूनं तेच शिकवलं होतं. दुसरी फुंक झाली की डुक्कर सोडून द्यायचं, बाजूला बसायचं, जीभ बाहेर काढून. मग त्यांना कुणी कितीही छू म्हटलं तरी ते उठत नसत. दोन फुंकांनंतर तोंड घालायचं नाही म्हणजे नाही.

“दोन फुंका झाल्या का मंग काय भेव?” नत्थू म्हणायचा. “लेकरू बी जाईन.”

नत्थू गेला तो त्या रात्रीच्या आदल्या साली, धान पिवळं पडायला लागलं तेव्हा. मी गाडी घेऊन कुहीला गिरणीवर गेलो होतो. परत आलो तर पाटलांच्या बोडीच्या काठी माणसं जमलेली. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहानसं तळं. तिच्या काठी नत्थूला झोपवलं होतं. बरगडीखाली गोळी लागलेली.

चंपतराव सगळ्यांना एकच सांगत होते. “डुक्कर अजून जितं होतं गा. म्या फुंकलंच नव्हतं. हा कायले उठला? मी दुसरा बार टाकला अन् हा मधात आला.”

हाक्यातली, डुकरं उठवणारी माणसं नाल्यापलीकडे होती. डबे वाजवत होती. फुंक झाली की नाही, कुणालाच सांगता येईना.

तेव्हा मनकर्णा आली. रडली नाही. हाक्यातल्या माणसांकडे वळून तिनं एवढंच विचारलं, “तुमी आले तवा कुत्रे कुठी होते?”

“बसले होते,” एकजण म्हणाला. “बाजूले.”

“डुक्कर धरून होते का बसले होते?”

“बसले होते, वहिनी.”

सगळे समजले. बसले होते म्हणजे दोन फुंका झाल्या होत्या. पण चंपतराव समोर उभे होते, आणि अर्ध्या गावाची चूल त्यांच्या शेतावर पेटत होती. माणसं खाली पाहू लागली. पोलिसांच्या पंचनाम्यातही मग तसंच उतरलं, की मयत उतावीळपणे उठला.

चितेला अग्नी दिला तेव्हा मनकर्णा चंपतरावांसमोर जाऊन उभी राहिली. “माह्या मानसानं फुंक आयकल्याबिगर कवा पाय उचलला नाई,” ती म्हणाली. “ज्यानं फुंकलं, त्याले बी आयकू येईन. एक दिवस येईन.”

तिचा आवाज गावानं ऐकला तो तेव्हा शेवटचा. त्यानंतर ती कुणाशी बोलली नाही. बाजारात बोटानं दाखवून सामान घ्यायची. कुत्र्यांनासुद्धा चुटकी वाजवून बोलवायची.

आणि नत्थूचं नाव? ते तर खेळ झालं, पोरांनो. शिकारीला कुणी घाई केली की दुसरा म्हणायचा, “बस बे, नत्थू होतं का?” पोरं गोट्या खेळताना म्हणायची. आयुष्यभर ज्यानं नेम पाळला, त्याचं नाव उतावळेपणाचं नाव होऊन बसलं. मनकर्णा रस्त्यानं जाताना ते ऐकायची, आणि खाली मान घालून पुढे जायची.

वर्ष गेलं. साल एकोणसत्तर. कार्तिकातली वद्य षष्ठीची रात्र. रामटेकची पुनवेची जत्रा नुकतीच उठली होती. पाटलीणबाई, सत्यवतीबाई, यांनी मला संध्याकाळी हाक मारली.

“धोंडबा, मालकाची शिदोरी मचानावर पोचवून दे गा. आज मानूस नाई कोनी.”

भात, वांग्याची भाजी आणि एका डब्यात ताक. मी कंदील घेतला आणि निघालो. त्या साली एक चमत्कारिक गोष्ट झाली होती. डुकरं इतरांच्या बांध्या ओलांडून यायची आणि फक्त चंपतरावांचंच धान लोळवायची. शेजारच्या बांधीत एक लोंबीसुद्धा मोडलेली नसायची. म्हणून चंपतराव स्वतः रात्रीचे मचाणावर बसत.

मी वर चढून शिदोरी ठेवली आणि परत निघालो, तर त्यांनी माझा हात धरला.

“बस ना गा थोडा वेळ.”

मालकानं आजवर माझा हात कधी धरला नव्हता. मी बसलो. ते जेवले नाहीत. बंदूक मांडीवर, दोन्ही नळ्या भरलेल्या. बरोबर दोनच काडतुसं आणली होती, ती दोन्ही आत. बराच वेळ ते बोडीकडे पाहत राहिले.

“धोंडबा, तुले काही आयकू येते का?”

“नाई जी.”

“मले रोज येते. एक फुंक. तिकडून, बोडीच्या अंगानं.” त्यांनी ओठ ओले केले. “एकच येते. दुसरी येत नाई. दुसरीची वाट पाहत मी पहाट करतो.”

“वारा असन, मालक.”

“वारा नोहे.” मग ते हळूच म्हणाले, “म्या फुंकलं होतं गा.”

माणूस असं बोलायला लागला की त्याला बोलू द्यावं.

“पयल्या बारात डुक्कर पडलं होतं. पन पाय झाडून राहिलं होतं. उठून अंगावर आलं तर? दुसरं काडतूस काढायची मले हिंमत होये ना. अन् जवळ जायची बी होये ना. म्हनलं, नत्थू येईन अन् पाहून घेईन. पन तो फुंक आयकल्याबिगर येते कायले.” त्यांनी नळीवरून बोट फिरवलं. “मंग म्या मोकळ्या नळीत फुंकलं. एक डाव. अन् मंग पुन्हा... त्याच नळीत.”

“दुसरी भरेल ठेवून?”

“भरेल ठेवून.”

खाली बेडूकसुद्धा ओरडत नव्हते.

“हासत आला तो, धोंडबा. म्हनते, मोठा हाय जी मालक. वाकला. डुक्कर हाललं अन् माह्या बोटानं...” त्यांनी डोळे मिटले. “त्या बाराचं रिकामं काडतूस म्या बोडीत फेकलं. पायवत नोतं मले.”

“गावाले सांगा, मालक. सकाळी सांगा. त्याच्या नावाचं काय करून ठेवलं लोकाहीनं, थे पायता ना तुमी.”

“सांगतो,” ते म्हणाले. “सकाळी सांगतो.”

आता ते खरोखर सांगणार होते का, कुणाला माहीत. नसते सांगितलं, असंही मला वाटतं.

चंद्र वर आला. धानावर दूध सांडल्यासारखं झालं. आणि खाली खसफस सुरू झाली. मचमच खाण्याचा आवाज. एकटंच होतं, पण मोठं. बांधीच्या मधोमध धान हलत होतं. चंपतरावांनी बंदूक उचलली.

तेवढ्यात बोडीकडून आवाज आला.

हूं...

मीसुद्धा ऐकला. स्पष्ट. नळीतली फुंक. आमच्या गावात दुसरी बंदूक नव्हती.

चंपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी ऐकलं हे त्यांना माझ्या तोंडावर दिसलं असावं. त्यांची बंदूक खाली आली, मांडीवर.

बांधावरून काहीतरी येत होतं. एकामागून एक. भुऱ्या. चांदी. मागून लंगडत वाघी. भुंकले नाहीत. गुरगुरले नाहीत. मचाणापासून थोडं दूर थांबले आणि वर पाहू लागले.

“हाकल त्याहीले,” चंपतराव पुटपुटले.

मी त्या कुत्र्यांकडेच पाहत होतो.

डुक्कर खायचं थांबलं होतं.

काहीच हलत नव्हतं. आम्ही दोघं वाट पाहत होतो. कशाची, ते दोघांनाही माहीत होतं.

मग दुसरी आली.

बोडीकडून नाही. लांबून नाही. त्यांच्या मांडीवरच्या बंदुकीतून आली. मिटलेली बंदूक. दोन्ही नळ्यांत काडतुसं. काडतूस असलेली नळी फुंकता येत नाही, पोरांनो, मघाशी सांगितलं ना मी... तिच्यातून आली. माझ्या गुडघ्याला त्या लाकडाची थरथर लागली.

खाली तिन्ही कुत्रे बसले. बाजूला. जिभा बाहेर काढून.

चंपतरावांनी बंदूक मोडली. अगदी सावकाश. एक काडतूस काढलं, कंदिलाशेजारी उभं ठेवलं. दुसरं काढलं, त्याच्याजवळ उभं ठेवलं. आणि उठले.

“मालक, कुठी? डुक्कर हाय खाली!”

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. तोंड त्यांचंच होतं.

“दोन फुंका झाल्या का मंग काय भेव?” ते म्हणाले.

तो आवाज त्यांचा नव्हता.

मी हात धरला. माझ्या मुठीतून तो पाण्यासारखा निसटला. ते शिडी उतरले. मोकळी बंदूक खांद्यावर, लग्नाच्या वरातीत निघाल्यासारखे. बांधीत गेले. गुडघाभर धानात.

आणि मधेच थांबले. आत्ता कुठे जाग आली असावी. समोर ते काळं धूड उभं होतं.

“छू!” ते ओरडले. “भुऱ्या! वाघी! छू, छू!”

कुत्रे बसून होते.

“छू रे... माह्या बापाहो, छू!”

वाघीनं एकदा जीभ आत घेतली. पुन्हा बाहेर काढली. बस.

“धोंडबा! काडतूस फेक!”

मी कंदिलाकडे हात मारला. कंदील लवंडला, विझला. अंधारात फळी चाचपली. हाताला काडतूस लागलं. ओलं लागलं. दवानं असेल. विचार करायला वेळ कुठे होता... मी फेकलं. चांदण्यात त्यांनी बंदूक काखेत मारून दोन्ही हातांनी झेललं. नळीत घातलं. बंदूक मिटली. खटका ओढला.

टिक.

एवढंच.

नंतर जे झालं ते फार वेळ चाललं नाही. डुकराचा सुळा मांडीत आतपर्यंत गेला होता. ते बोडीकडे निघून गेलं, कुणी मागे लागलेलं नसताना जातं तसं, रमत गमत. मी खाली उतरलो तेव्हा मालकांचे डोळे उघडे होते. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. पाणी हवं होतं त्यांना. माझ्याजवळ ताक होतं, तेच पाजलं. घोटभर आत गेलं, बाकीचं गालावरून ओघळलं.

कुत्रे पहाटेपर्यंत हलले नाहीत.

(“मंग डुक्कर कोनं मारलं, आबाजी?” भैयाजीनं विचारलं. कुणी नाही मारलं. त्या सालानंतर ते कुणाला दिसलंही नाही.)

उजाडलं तेव्हा गाव जमलं. पोलीसपाटील बाबाराव आले. शहाणा, जुना माणूस. त्यांनी बंदूक हातात घेतली, तोंड जमिनीकडे केलं आणि मोडली. आतून एक काडतूस त्यांच्या तळहातावर आलं.

ते उडालेलं होतं. रिकामं. लाल रंग कधीच गेलेला, पितळी बुडाला हिरवं शेवाळ चढलेलं. त्यातून बोडीचं पाणी ठिबकत होतं. बाबारावांनी ते नाकाशी नेलं आणि चटकन दूर केलं. मग माझ्यापुढे धरलं. मीही वास घेतला. बंदुकीच्या दारूचा होता. ताजा. आत्ताच बार उडाल्यासारखा.

“रातच्याले बार झाला होता का?”

“नाई जी.”

“मंग हे कुठून आलं?”

मी मचाणाकडे पाहिलं. बाबाराव स्वतः वर चढले. खाली आले तेव्हा त्यांच्या हातात दोन काडतुसं होती. लाल, नवी, भरलेली. लवंडलेल्या कंदिलाशेजारी ती दोन्ही उभीच होती, मालकांनी ठेवली तशी.

मग मी अंधारात काय फेकलं होतं? पंधरा वर्षं झाली, मी हा हात पाहतो. ते ओलं अजून लागतं.

तेवढ्यात मनकर्णा आली. कुत्रे घरी नव्हते म्हणून शोधत आली असेल. माणसं आपोआप बाजूला झाली. तिनं कुत्र्यांकडे पाहिलं, ते कसे बसलेत ते पाहिलं. मग मालकांकडे पाहिलं. मोडलेली बंदूक पाहिली.

मी उभा राहिलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. “वहिनी, मालकानं फुंकलं होतं. एकाच नळीत दोन डाव फुंकलं होतं. राती माह्याजवळ कबूल झाले. नत्थू नेमानं उठला होता. आयका गा सारे. नत्थू नेमानं उठला होता.”

ज्यांनी ज्यांनी ते नाव खेळण्यासारखं वापरलं होतं, ते सगळे तिथंच होते. एकानं डोक्यावरचं फडकं काढलं. मग दुसऱ्यानं काढलं.

बाबारावांनी ते हिरवं काडतूस माझ्या हातात दिलं. मी ते तिच्यापुढे धरलं. तिनं ते बराच वेळ पाहिलं. घेतलं नाही. पाण्याचा एक थेंब माझ्या बोटावरून खाली पडला, तेवढा पडेपर्यंत ती उभी राहिली.

मग तिनं चुटकी वाजवली. तिन्ही कुत्रे उठले. फडकी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसांमधून ती चालत गेली, वर मान करून, आणि बांधावरून गावाकडे वळली.